कफनाचे दुकान : नफा किती, अमानत किती?

शहरातील जवळपास प्रत्येक मुस्लिम वस्तीत, बहुधा जामा मशिदीच्या किंवा कब्रस्तानाच्या रस्त्यावर, एक लहानसे दुकान असते. त्यावर 'कफन-दफनचे सामान मिळेल' अशी पाटी असते आणि खाली दार ठोठावण्याची सूचना. दुकान बंद असले तरी मालक वरच्या माळ्यावर किंवा मागच्या खोलीत राहतो. वडील दिवसा बसतात, मुलगा रात्री उठतो आणि घरातील एखादी स्त्री मोहल्ल्यातील मयत स्त्रियांना गुस्ल द्यायला जाते. पाश्चात्य देशांत ज्याला 'फ्युनरल होम' म्हणतात, त्याचे आपल्याकडील रूप म्हणजे हे घरचे दुकान होय.

अशा दुकानांना पांढरे कापड पुरविणारा व्यापारी या नात्याने हा धंदा मी जवळून पाहत आलो आहे. काही दुकाने दोन-तीन पिढ्या इज्जतीने चालली, तर काही वडिलांचे डोळे मिटताच बंद पडली. याची कारणे बहुतेक वेळा नशिबात नसतात, खातेवहीत असतात. जे तरुण हे दुकान पुढे चालविणार आहेत किंवा नव्याने सुरू करू इच्छितात, त्यांच्यासाठी हा धडा आहे.

हा धंदा इतरांपेक्षा वेगळा का?

साडी घ्यायला आलेली बाई चार दुकाने फिरते, पोत पाहते, भाव करते. न पटल्यास उठून जाते. कफन घ्यायला आलेला माणूस यापैकी काहीच करीत नाही. त्याच्याकडे वेळ नसतो, कारण दफन लवकर करावे अशी शरीअतची ताकीद आहे. त्याला मालाची माहिती नसते, कारण हे सामान आयुष्यात दोन-चार वेळाच घ्यावे लागते. आणि भाव करण्याची त्याला लाज वाटते. बापाच्या कफनासाठी घासाघीस केली असे लोक म्हणतील, ही भीती असते.

म्हणजे बाजारात गिऱ्हाइकाला जे संरक्षण असते ते येथे शून्य आहे. दर काय लावायचा हे फक्त दुकानदाराच्या इमानावर अवलंबून राहते. म्हणूनच या धंद्याला मी अर्धा व्यापार आणि अर्धी अमानत म्हणतो.

आपल्या बुजुर्गांना हा धोका ठाऊक होता. इमाम गजाली यांनी 'इह्या उल उलूम'मध्ये रोजी कमावण्याच्या प्रकरणात कफनाच्या विक्रीचा उल्लेख केला आहे. पूर्वीच्या नेक लोकांना हा पेशा फारसा पसंत नव्हता, कारण ज्याची कमाई लोकांच्या मरणावर अवलंबून असते त्याचे मन मरणांची वाट पाहू लागते, असा त्याचा आशय आहे. याचा अर्थ हा धंदा हराम आहे असा नव्हे. कोणीतरी तो केलाच पाहिजे, नाहीतर मोहल्ल्याचे अडेल. अर्थ इतकाच की दुकानाची घडी अशी बसवावी की मालकाचे मन तिकडे जाऊच नये. ते कसे साधावे, हे पुढे हिशेबात पाहू.

शरीअतची शिकवण : साधेपणा

पैगंबर (स.) यांना तीन पांढऱ्या सुती कापडांत कफन देण्यात आले आणि ते कापड यमनमधील होते, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीवरून कळते. हजरत अबू बकर (रजि.) यांनी तर आपल्या अंगावरील वापरलेले कापड धुऊन कफनात घेण्याची वसीयत केली, नव्या कापडाची गरज मेलेल्यापेक्षा जिवंताला अधिक, असे त्यांचे म्हणणे होते. उहदच्या लढाईत शहीद झालेले हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) एके काळी मक्केतील श्रीमंत घरचे तरुण होते, त्यांच्या कफनाची चादर इतकी अपुरी होती की डोके झाकले तर पाय उघडे पडत. शेवटी पायांवर गवत टाकण्यात आले.

दुकानदाराने यातून धडा घ्यावा. 'अब्बांसाठी भारीतले द्या' असे म्हणणाऱ्या मुलाला महाग माल काढून देणे सोपे असते. पण स्वच्छ, पांढरे, मध्यम प्रतीचे सुती कापड पुरे आहे, असे जो दुकानदार स्वतःहून सांगतो त्याचे दोनशे रुपये त्या दिवशी कमी होतात आणि नाव पुढच्या पिढीपर्यंत टिकते.

कापडाची पारख आणि मापे

पुरुषाच्या कफनात इजार, कमीस आणि लिफाफा अशी तीन कापडे असतात. स्त्रीसाठी ओढणी आणि सीनाबंद मिळून पाच. उर्दू पुस्तकांत मापे गजात दिलेली असतात. एक गज म्हणजे ३६ इंच, अर्थात ९१ सेंटिमीटर. आज विक्री मीटरनेच करावी लागते, म्हणून साधारण साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा हिशेब मीटरमध्ये देत आहे. पन्हा ५४ इंची धरला आहे.

लिफाफा अडीच मीटर, कारण तो डोक्याच्या व पायांच्या बाजूला बांधावा लागतो. इजार सव्वादोन मीटर. कमीस दुहेरी असते, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत पुढे आणि मागे. तिला सुमारे २.३० मीटर. गुस्लाच्या वेळी सतर झाकण्यासाठी दोन तुकडे, मिळून दोन मीटर. एकूण नऊ मीटर. कमीस एक गज रुंद पुरते, त्यामुळे ५४ इंची पन्ह्यातून बाजूची दोन वीत पट्टी उरते. बांधायच्या तीन पट्ट्या आणि गुस्ल देणाऱ्याच्या हातातील दोन थैल्या तिच्यातच निघतात, वेगळे कापड लागत नाही. स्त्रीच्या कफनाला ओढणीचे पाऊण मीटरपेक्षा थोडे कमी आणि सीनाबंदाचे १.८५ मीटर वाढते. म्हणजे साडेअकरा मीटर.

हाच हिशेब ३६ इंची पन्ह्यावर करून पाहा. लिफाफा व इजार अंगाभोवती पुरत नाहीत, दीड पन्हा जोडावा लागतो. मीटरचा भाव कमी दिसला तरी कापड जास्त जाते आणि मध्ये शिवण येते. म्हणून खरेदी मीटरच्या भावावर करू नये, पूर्ण कफनाला किती पडते त्यावर करावी.

पारखीच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) सुती म्हणून पॉलिस्टरमिश्रित माल गळ्यात मारला जातो. दोन धागे काढून जाळावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ बनते.

२) विरळ विणीच्या कापडाला कांजी पाजून ते जाड दाखविले जाते. कोपरा दोन्ही हातांनी चोळावा. पांढरी भुकटी उडाली आणि कापड जाळीदार दिसू लागले तर तागा परत करावा. गुस्लानंतर अंग ओले असते. असे कापड अंगाला चिकटते आणि सतर दिसते. येथे प्रश्न फक्त पैशाचा नसून मय्यतीच्या पर्द्याचा आहे.

३) पांढरे कापड प्लास्टिकमध्ये वर्षभर दाबून ठेवल्यास पिवळे पडते. कागदात गुंडाळून कोरड्या फळीवर ठेवावे. आधी आलेला तागा आधी काढावा.

४) किमान दोन महिन्यांचा साठा असावा. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली तेव्हा भिवंडी, मालेगावचे यंत्रमाग थांबले, घाऊक बाजार बंद झाले. पण मृत्यू थांबले नव्हते. ज्याच्या फळीवर ताग्यांची रांग होती, त्यालाच मोहल्ल्याच्या उपयोगी पडता आले.

केवळ कफनावर दुकान चालते काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, दुकानातून महिन्याला ३० कफने जातात. समजा, कापड ५० रुपये मीटरने पडले, तर एका कफनाला सरासरी ५०० रुपये. कापूर, इत्र, साबण, कापूस, लोबान इत्यादी २०० रुपये. एकूण खरेदी ७०० रुपये. त्यावर १५ टक्के नफा म्हणजे १०५ रुपये. तीसचे झाले ३,१५० रुपये. यात गाळ्याचे भाडे आणि विजेचे बिल तरी सुटेल काय?

आता मालकाला घर चालविण्यासाठी याच मालातून २०,००० रुपये हवे असतील, तर प्रत्येक कफनावर ६६७ रुपये चढवावे लागतील. ७०० चा माल जवळजवळ दुपटीने, म्हणजे १,३६७ ला जाईल. आणि ज्या महिन्यात मृत्यू कमी झाले त्या महिन्यात आणखी चढवावे लागेल. इमाम गजालींनी सांगितलेला धोका तो हाच. माणूस वाईट नसतो, त्याचा हिशेब त्याला वाईट करतो.

यावर उपाय असा की कफन हे दुकानाचे मुख्य उत्पन्न ठेवू नये. त्याच फळीवर, त्याच भांडवलात बसणारा दुसरा माल ठेवावा. एहरामाची चादर, कुर्ता-पायजम्याचे पांढरे कापड, टोप्या, जानमाज, इत्र, तस्बीह, मशिदीच्या सफा. हा माल रमजान, ईद आणि हजच्या दिवसांत जोराने जातो. त्याचा गिऱ्हाईक शांत मनाने येतो, भाव करतो, दुसरे दुकानही पाहतो. तेथे बाजाराचा नफा घ्यावा. भाडे, वीज आणि घरखर्च त्यातून निघाला की कफनावर १०-१५ टक्के पुरेसे होतात आणि महिन्यात मृत्यू किती झाले याकडे मालकाला पाहावे लागत नाही.

दर एकच असावा. श्रीमंताला जास्त लावून गरिबाला सूट देतो, असे काही दुकानदार अभिमानाने सांगतात. हेतू चांगला असेल, पण श्रीमंताला न विचारता त्याच्याकडून घेतलेला सदका हा सदका नव्हे. प्रत्येक वस्तूचा दर लिहिलेला फलक भिंतीवर लावावा आणि प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ असलेली पावती द्यावी. ज्याला सवाब हवा असेल तो स्वखुशीने दहा कफनांचे पैसे ठेवून जाईल.

कराबाबत थोडक्यात. दफनविधीच्या सेवा आणि मय्यत वाहून नेणे हे जीएसटीच्या बाहेर ठेवले आहे. सुती कापडाच्या विक्रीला मात्र ५ टक्के लागू होतो. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. तरीही खरेदीची पक्की बिले सांभाळावीत.

उधारी आणि फंड

या धंद्यात उधारी नाकारता येत नाही. रात्री दोन वाजता आलेल्या माणसाला 'आधी पैसे' म्हणणे इमानदार माणसाच्या तोंडून निघत नाही. पण उधारी लिहिली गेलीच पाहिजे. सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि अडचणीतल्या कर्जदाराला सवलत देण्याची शिकवणही तेथेच आहे. दोन्ही एकत्र पाळावीत.

लिहिताना मय्यतीचे नाव, जबाबदारी घेणाऱ्याचे नाव, त्याचे नाते, तारीख आणि रक्कम अशी पाच कलमे असावीत. 'कालची मय्यत, गल्ली नंबर तीन' असे लिहिलेले खाते सहा महिन्यांनी वसूल होत नाही आणि भांडण तेवढे होते. फिकहप्रमाणे कफन-दफनाचा खर्च मय्यतीच्या मालमत्तेतून सर्वांत आधी निघतो. त्यानंतर कर्ज, मग वसीयत, मग वारसांचे हिस्से. मालमत्ताच नसेल तर ज्याच्यावर पोषणाची जबाबदारी होती त्याने तो द्यावा. ही गोष्ट वारसांना नम्रपणे सांगितली तर बहुतेक उधारी फिटते. तीन दिवस तगादा करू नये. इद्दतमध्ये बसलेल्या विधवेच्या दारात तर पावती घेऊन जाऊच नये. ज्या पुरुषाने जबाबदारी घेतली त्याच्याकडे जावे.

बेवारस आणि गरीब मय्यतीसाठी लोक पैसे ठेवून जातात. हा पैसा गल्ल्यात टाकू नये. त्याची डबी वेगळी, वही वेगळी, आणि दर महिन्याला मशिदीच्या ट्रस्टींना दाखवून सही घ्यावी. हनफी फिकहप्रमाणे जकातीचा पैसा थेट कफनाला लावता येत नाही, कारण जकातीत गरिबाला मालक बनविणे आवश्यक असते आणि मेलेला मालक होऊ शकत नाही. म्हणून देणाऱ्याला विचारावे की हे पैसे जकातीचे आहेत की लिल्लाह. एका प्रश्नाने त्याची जकात वाचते आणि दुकानदाराची गर्दनही.

कागदपत्रे

मोहल्ल्यातील लोक मृत्यूच्या नोंदणीबाबत या दुकानदारालाच विचारतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. उशीर झाला तर फी, पुढे परवानगी आणि प्रतिज्ञापत्र असे फेरे वाढत जातात. दाखल्याशिवाय विधवेला बँकेतील रक्कम, विमा, पेन्शन, घराचे हस्तांतरण यांपैकी काहीच मिळत नाही. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि कब्रस्तानची पावती जपून ठेवा, नावाचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणेच लिहा, एवढे सांगण्यास पैसा लागत नाही. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचे कागद झाल्याशिवाय गुस्लाची घाई करू नये.

अमेरिकेतील धडा

अमेरिकेत हा धंदा बहुतांशी खाजगी कुटुंबांच्या हातात वाढला. १९६३ साली जेसिका मिटफोर्ड या लेखिकेने दुःखातील माणसाला महागड्या पेट्या आणि नको असलेल्या सेवा कशा विकल्या जातात हे आपल्या पुस्तकातून उघड केले. पुढे १९८४ पासून तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला. प्रत्येक वस्तूचा व सेवेचा वेगळा दर लिहून दिला पाहिजे, फोनवर विचारल्यास दर सांगितला पाहिजे आणि नको ती वस्तू गळ्यात मारता कामा नये. जे काम इमानाने व्हायला हवे होते, ते कायद्याने करावे लागले. आपल्या दुकानातील दरफलक कायदा येण्यापूर्वीच लागला तर त्यात आपलीच इज्जत आहे.

त्याच काळात मोठ्या कंपन्या लहान कौटुंबिक दुकाने विकत घेऊ लागल्या. पाटीवर जुन्या कुटुंबाचेच नाव ठेवायचे, कारण लोक नावावर विश्वास ठेवून येतात. मालक मात्र कंपनी. कॅनडातील लोवेन ग्रुप हे मोठे उदाहरण आहे. एका कौटुंबिक फ्युनरल होममधून सुरू झालेली ही कंपनी कर्जे काढून शेकडो दुकानांची मालक बनली. मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी येथील जेरेमाया ओकीफ या कौटुंबिक व्यावसायिकाने करार मोडल्याबद्दल तिच्यावर दावा लावला. १९९५ मध्ये ज्यूरीने कंपनीविरुद्ध ५० कोटी डॉलरचा निकाल दिला. १९९६ मध्ये साडेसतरा कोटी डॉलरवर तडजोड झाली. पण कर्जाच्या डोंगराखाली दबलेली ही कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली.

आपल्या लहान दुकानाला यातून तीन गोष्टी कळतात. पाटीवरील नाव हेच खरे भांडवल आहे, ते विकले की परत मिळत नाही. लहानाशी केलेला करार मोठ्यालाही मोडता येत नाही. आणि व्याजाच्या पैशावर वाढविलेले दुकान मोठे दिसते, मजबूत नसते.

वडिलांनंतर दुकान कोणाचे?

कौटुंबिक दुकाने बाहेरच्या स्पर्धेने कमी आणि घरातील अबोल्याने जास्त मोडतात. वडील गेल्यावर माल, गल्ला, येणे असलेली उधारी, गाळ्याचा हक्क, सारे तरका होते. त्यात बायको, मुलगे आणि मुली सर्वांचे हिस्से आहेत. 'मुलीच्या लग्नात खर्च केला' म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. दुसऱ्यांच्या मय्यतीचा खर्च वारसाहक्कात सर्वांत आधी निघतो हे सांगणाऱ्या दुकानदाराने स्वतःच्या घरी वारसाहक्क विसरावा, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

तसेच जो मुलगा वीस वर्षे रात्री उठला त्याचे काय? लिखापढी नसेल तर फिकह त्याला वडिलांचा मददगार मानते, भागीदार नव्हे. मग दुकानात कधी न बसलेला भाऊ बरोबरीचा हिस्सा मागतो आणि दोघांचे बोलणे बंद होते. म्हणून वडील हयात असतानाच ठरवावे की हा मुलगा पगारावर आहे की भागीत, आणि भाग किती. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन सुरुवात करावी, नंतर वकिलाकडून पक्के करून घ्यावे.

शेवटची गोष्ट घरातील स्त्रीची. स्त्रियांना गुस्ल देणारी आई, बायको किंवा सून नसेल तर या दुकानाची अर्धी सेवा बंद पडते. लोक खुशीने जे देतात ते बहुधा थेट गल्ल्यात जाते. कुरआनने पुरुषाच्या कमाईत पुरुषाचा आणि स्त्रीच्या कमाईत स्त्रीचा हिस्सा सांगितला आहे. गुस्ल देणारे दुसरे कोणी उपलब्ध असेल तर त्याचा मोबदला घेण्यास हनफी उलेमांनी परवानगी दिली आहे. तो घेणे किंवा सवाबासाठी सोडणे हा तिचा निर्णय असावा, आणि घेतल्यास तो तिच्याच हातात पडावा.

सारांश, कापडाची पारख करा, मोजमाप पूर्ण द्या, दर भिंतीवर लिहा, घरखर्च दुसऱ्या मालातून काढा, उधारी पाच कलमांत लिहा, फंड वेगळा ठेवा आणि घरचे हिस्से जिवंतपणी ठरवा. मोजमापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. ज्याला माप मिळाले तो तक्रार करायला येऊ शकत नाही, अशा दुकानात तर तो इशारा दररोज आठवला पाहिजे. एक दिवस याच फळीवरचे नऊ मीटर कापड आपल्या नावानेही निघणार आहे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि हिशेब आसान करो. आमीन.